विषमता नुसती मोजायची की कमी करायची?

बाल्टिमोर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बीडीएसनंतर सार्वजनिक आरोग्यात यायचं आणि आरोग्यातल्या विषमतेवरच संशोधन करायचं, असं तुझ्या मनात आहे हे दादाने सांगितलं. फार बरं वाटलं. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कुठून करावं असं तू विचारलंस, पण या कामात नेमकं काय करावं लागतं ते आधी लिहिते. ते कळलं की कॉलेज निवडणं सोपं जाईल.

अमुक गटात आजार जास्त, तमुक गटात मृत्यू जास्त, एवढंच दाखवणारे पेपर ढिगाने निघतात. इथला, म्हणजे अमेरिकेचा, सरकारी हेकलर अहवाल १९८५चा. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याकांत वर्षाला सुमारे ६०,००० मृत्यू जादा होतात, असं त्यात मांडलं होतं. तेव्हापासून मोजणारे भरपूर झाले. फरक नेमका कुठल्या पायरीवर पडतो ते शोधून ती पायरी बदलून बघणारे मात्र अजूनही थोडेच आहेत. तू त्या थोड्यांत यावंस असं मला मनापासून वाटतं.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी केलेली चाचणी नीट वाच. २०१८ साली ती छापून आली. ५२ सलून आणि तिथे नेमाने केस कापायला येणारे, रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. काही सलूनमध्ये न्हाव्याने गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जायला आणि खाण्यापिण्यात बदल करायला सांगितलं. बाकीच्या सलूनमध्ये फार्मासिस्ट स्वतः येऊन बसला. डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार त्याने तिथेच गोळ्या सुरू केल्या, लागतील तशा वाढवल्या. सहा महिन्यांत दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ने उतरला, पहिल्या गटाचा ९.३ने. १३०/८०च्या खाली आलेले ६३.६ टक्के विरुद्ध ११.७ टक्के. न्हावी दोन्हीकडे होता, सल्ला दोन्हीकडे होता. फरक पडला तो उपचार माणसाच्या पायाशी आल्याने. फार्मासिस्टच्या गावभर फिरण्याच्या वेळेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र लगेच उभा राहतो. असे उपक्रम बहुतेक वेळा इथेच अडतात. म्हणून खर्चाचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवायचा.

हेच तत्त्व तुझ्या जवळचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्ग झाल्यास घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. तुलनेची गावं होती म्हणून १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षाला जगभर वजन आलं.

आता मोजण्याबद्दल, कारण इथे चांगली चांगली माणसं चुकतात. समज, गरीब गटात बालमृत्यू हजारी ४० आणि श्रीमंत गटात २०. दहा वर्षांनी ते १५ आणि ६ झाले. वजाबाकी केली तर फरक २० वरून ९ वर आला. भागाकार केला तर २ पट होता तो २.५ पट झाला. विषमता घटली की वाढली? दोन्ही विधानं खरी आहेत, म्हणून दोन्ही आकडे छापायचे. सोयीचा एकच देणाऱ्याच्या पेपरवर विश्वास ठेवू नकोस.

दुसरी चूक अशी. जातीनुसार फरक पाहताना उत्पन्न आणि शिक्षण ‘कंट्रोल’ केलं, म्हणजे ते सारखं असलेल्यांचीच तुलना केली, की फरक आटतो आणि लोक लिहितात, जातीचा परिणाम नाही. पण जात उत्पन्नावर आणि शिक्षणावर परिणाम करते. ती कंट्रोल केली म्हणजे जातीचा परिणाम ज्या वाटेने पोचतो ती मधली वाटच कापून टाकली. आधी कार्यकारणाचा आराखडा कागदावर काढायचा, मगच कुठला घटक मॉडेलमध्ये घ्यायचा ते ठरवायचं. एनएफएचएसची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची) आकडेवारी वापरशील तेव्हा नमुन्याचे वेट्स (प्रत्येक उत्तराला द्यायचं वजन) आणि क्लस्टर (एकाच वस्तीतून एकत्र निवडलेली घरं) विसरू नकोस. वेट्स सोडले तर टक्केवारी चुकते. क्लस्टर सोडले तर अंदाज किती चुकू शकतो ती मर्यादा खोटी अरुंद दिसते.

एमपीएच इथे बहुतेकांना स्वतःच्या पैशाने करावं लागतं. पीएचडीला मात्र सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. म्हणून माझं मत: एमपीएच भारतात कर. मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, दोन्ही विषमतेचा विषय गांभीर्याने घेतात. मग दोन वर्षं फील्डवर काम कर, ‘आर’ ही आकडेवारीची संगणकभाषा पक्की शिक आणि पीएचडीला इकडे ये. पीएचडीला चार-पाच वर्षं, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद), मग असिस्टंट प्रोफेसर. पुढे पगाराचा मोठा भाग अनेक ठिकाणी स्वतःच्या ग्रँटमधूनच (संशोधनासाठी मिळवलेल्या अनुदानातूनच) उभा करावा लागतो.

एनआयएच ही इथली आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था. तिच्या एफ३१ (पीएचडी करणाऱ्यांसाठी) आणि के०१ (नव्या संशोधकांसाठी) ग्रँट नागरिकांना किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतात. पोस्टडॉकसाठीच्या के९९ला ती अट नाही, पण पोस्टडॉकची पहिली चार वर्षं उलटायच्या आत अर्ज करावा लागतो. मोठ्या आर०१ ग्रँटच्या अर्जात उद्दिष्टांना एकच पान आणि संशोधनाच्या आराखड्याला बारा पानं. ते एक पान नीट झालं नाही तर पुढची बारा कोणी मन लावून वाचत नाही.

आणखी एक गोष्ट दादालाही वाचून दाखव. २०२५ साली याच विषयावरच्या अनेक ग्रँट एनआयएचने अर्ध्यावर बंद केल्या. माणसं नेमलेली होती, रुग्ण नोंदवलेले होते. त्यामुळे एकाच देणाऱ्यावर विसंबू नये, आणि भारतात परत येऊन करता येईल असं कौशल्य हाताशी ठेवावं.

अर्जाचा निबंध लिहायला घेशील तेव्हा ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य काढून टाक. एक गट, एक आजार, उपचाराची नेमकी कुठली पायरी तुटते आणि तू काय बदलून बघशील, एवढंच लिही. तुझा विषय दातांचा आहे, तर तंबाखू खाणाऱ्यांतलं तोंडाच्या कर्करोगाचं उशिरा होणारं निदान घे. पहिली जखम दिसल्यापासून बायोप्सीपर्यंत कोण कुठे गळतं, याचा एका पानाचा तक्ता करून मला पाठव. इंग्रजी नंतर बघू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या