समुपदेशनाची नोंद ज्याची, त्याला वाचता यावी अशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशक म्हणून काम करते. घटस्फोटाच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या दाव्यात हल्ली वकील आमच्याकडे थेट केस फाइल मागतात. पण त्या फाइलीत मुळात काय लिहावे, हे या कामात नव्याने येणाऱ्या मुलींना फारसे कोणी शिकवत नाही. छापील फॉर्म हातात देतात आणि ‘सविस्तर लिहा’ म्हणतात.

एखादी बाई झोप लागत नाही म्हणून येते. बोलता बोलता जावेचे, दिराचे सगळे सांगते, दिराचे बाहेर काय चालले आहे तेही. दीर आमच्याकडे आलेला नसतो, त्याची संमती कोणी घेतलेली नसते, तरी तो फाइलीत जाऊन बसतो. कपाटाची किल्ली ऑफिसात दोघा-तिघांकडे, त्यातला एखादा त्याच आळीतला. लहान गावात नाव गाळून भागत नाही, ‘पेठेतल्या सोनाराची धाकटी सून’ एवढे पुरते. म्हणून मी दिराबद्दल काही लिहीत नाही. ‘एकत्र कुटुंबातल्या ताणामुळे झोप कमी, भूक मंदावली’ एवढे लिहिते. काम तिच्या झोपेवर करायचे आहे.

रागाच्या भरात ती म्हणते, “सासू मेली तर सुटेन एकदाची.” हे अवतरणात तसेच लिहिले आणि उद्या न्यायालयात वाचले गेले, तर मुलाचा ताबा मागणाऱ्या आईचे काय होईल? मी लिहिते, ‘सासूबद्दल तीव्र राग व्यक्त केला. इजा करण्याचा विचार वा बेत आहे का, असे विचारले, नाही म्हणाली.’ यातले दुसरे वाक्य प्रत्यक्ष विचारल्याशिवाय लिहिताच येत नाही, आणि ते विचारणे हेच आमचे काम आहे. ‘नवरा संशयी’ हेही लिहू नये. नवऱ्याला आम्ही पाहिलेले नसते. ‘नवरा फोन तपासतो, असे तिने सांगितले’ एवढेच आपल्याला ठाऊक असते.

पण जीव देण्याची भाषा आली की हात आखडता घेणे धोक्याचे आहे. तिथे शब्द तिचेच हवेत. विचार कधीपासून येतात, घरात फवारणीचे औषध आहे का, ते कोणाच्या ताब्यात दिले, रात्री सोबतीला कोण, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला का, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी पाठवले, सगळे लिहावे. मी रजेवर असताना सहकारी मुलीने फाइल उघडली, तर तिला पहिल्याच पानावर हे दिसले पाहिजे. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचेही तसेच. २०१२ च्या पोक्सो कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि त्याआधी आपण कोणता प्रश्न विचारला होता तोही लिहावा.

कायद्याचे संरक्षण आपल्याला वाटते तेवढे नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकापुढचे बोलणे तिथल्या नियमांनुसार गोपनीय राहते. बाहेर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना वकील-अशिलासारखे कवच नाही, आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ कोणतीही उपयुक्त कागदपत्रे पुराव्यात घेण्याची मुभा देते. दुसरीकडे, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ ने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. तिला गंभीर मानसिक इजा होण्याची किंवा इतरांना धोका पोचण्याची शक्यता असेल, तेवढाच मजकूर रोखता येतो. या हक्काचे मला मनापासून स्वागत वाटते. मी काय लिहिते आणि ते कोण पाहू शकते, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. कोणी मागितले तर वाचायलाही देते. एका बाईने वाचून सांगितले, “ताई, मी माहेरी भांडणानंतर नाही, भांडणाआधी गेले होते.” तिच्या दाव्यात नेमका हाच मुद्दा होता.

संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. फॉर्ममधला ‘कुटुंबाचा संपूर्ण इतिहास’ हा रकाना काढा. सल्ला घेण्यासाठी केसचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे आजच बंद करा. वकिलाचे पत्र म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, हे ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा. क्लायंटची लेखी संमती किंवा आदेश आल्याशिवाय फाइल बाहेर जाऊ देऊ नका. आणि समन्स आल्यावर पाने काढू नका, की खाडाखोड करू नका. काय लिहायचे आणि काय नाही, ते भेट झाली त्याच दिवशी ठरवायचे असते.

आपली,
एक समुपदेशक, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)