नवे कामगार कायदे आम्हाला मराठीत समजावून सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यात गेले, पण माझ्यासारख्या 22 माणसांच्या वर्कशॉपवाल्याला नेमकं काय बदलायचं हे मराठीत नीट सांगणारं कुणी भेटत नाही. बेसिक कमी आणि अलाउन्स जास्त असा पगार आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आला, आता अलाउन्स एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनातच धरायची, म्हणजे ग्रॅच्युइटी वाढणार, आणि वाढायलाच हवी, माणसांच्या घामाचे पैसे आहेत ते. राजीनामा दिला की कामाच्या दोन दिवसांत हिशेब, मुदतीच्या करारावरच्यालाही एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी, सगळ्यांना नेमणूकपत्र, हे सगळं करायची माझी तयारी आहे. पण आमच्या सल्लागाराने तीन महिने जुन्याच पद्धतीने पगाराच्या स्लिपा काढल्या, सगळ्या परत कराव्या लागल्या आणि कामगारांपुढे मान खाली गेली.

कामगार खात्याने प्रत्येक एमआयडीसीत महिन्यातून एक दिवस तरी जाणकार माणूस बसवावा. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, महिना 21,000 रुपये पगाराची मर्यादा कशी मोजायची, असे साधेच प्रश्न असतात हो आमचे.

एक लघुउद्योजक, सातपूर, नाशिक