पाच वर्षांनी एकदा, पण नक्की

पुणे

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दरवर्षी करायची असेल तर ते आपल्याच्याने होणार नाही, असे तू लिहिलेस, म्हणून आधी तेच सांगते: ती दरवर्षी करावी लागत नाही. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, असेल तर तीन वर्षांनी आणि एचपीव्ही चाचणी, म्हणजे या रोगामागच्या विषाणूची चाचणी, असेल व ती निर्दोष आली तर पाच वर्षांनी, एवढे पुरते. जागतिक आरोग्य संघटना तर तिशीनंतर एचपीव्ही चाचणीसाठी पाच ते दहा वर्षांचे अंतर सांगते.

एवढे अंतर कसे चालते, ही तुझी शंका रास्त आहे. या कर्करोगामागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणू असतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, आणि ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांनाही कर्करोग व्हायला सहसा कितीतरी वर्षे लागतात. याचा भक्कम पुरावा आपल्याच मुलखातला आहे. बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांमधल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर चाचणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच बायकांच्या गटात ६४. चाचणी एकदाच झाली होती, हे विसरू नकोस.

तपासणीला फार वेळही लागत नाही. पाळी नसताना जायचे. डॉक्टर योनिमार्गात स्पेक्युलम, म्हणजे मार्ग उघडा ठेवणारे उपकरण, बसवून छोट्या ब्रशने गर्भाशयमुखाच्या पेशी घेतात आणि द्रवाच्या बाटलीत ठेवतात. थोडे अवघडल्यासारखे होते, क्वचित एखादा रक्ताचा ठिपका दिसतो, बस्स.

मुलीला आपल्या पुण्यातच तयार होणारी लस दिलीस हे फार चांगले केलेस, पण ती लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीपासून संरक्षण देत नाही, म्हणून पुढे तिलाही तपासणी चुकणार नाही. तुझ्या वहिनींचे गर्भाशय मुखासकट काढले असेल आणि कारण कर्करोगाचे किंवा कर्करोगपूर्व बदलांचे नसेल, तर त्यांना याची गरज नाही. तेवढे त्यांचे जुने कागद पाहून घे.

आणि पाळी कायमची गेल्यावर किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसले, तर मागचा अहवाल कितीही चांगला असो, पाच वर्षांचा हिशेब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचे.

तू सत्तेचाळीस वर्षांची आहेस आणि अजून एकदाही तपासणी झालेली नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. या महिन्याची पाळी संपली की मला कळव, वेळ मी घेऊन ठेवते आणि सोबतही येते.

तुझी,
शैला