आजीला मोठ्याने वाचून दाखवावे

डॉर्सेट, इंग्लंड
नोव्हेंबर

ती. आई-अप्पांस आणि ती. आजीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन होतोच, पण आजीला फोनवर धड ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर ती "किती वाळलीय पोर" याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. दादा, तू आजीजवळ बसून मोठ्याने वाच. जिथे वाचू नको म्हटलंय, तिथे खरंच वाचू नकोस.

मी मजेत आहे. ड्यूटी, जेवण, थंडी यातलं सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. मेतकूट संपलं, शेंगदाण्याची चटणी अजून आहे.

आता दगडांचं. काकीने माझा तो फोटो बघून अख्ख्या मंगळवार पेठेत सांगितलं म्हणे, की पोरगी सुट्टीच्या दिवशी दरडीखाली एकटी बसून दगड वेचते. पहिली गोष्ट, मी एकटी नसते, वॉर्डातली केरळची सिस्टर बरोबर असते. दुसरी, दरडीखाली कोणीच बसत नाही. कड्यापासून लांब, पाण्याच्या बाजूला चालायचं असतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, पाणी उतरायला लागलं की जायचं आणि चढायच्या आत परतायचं. आई, सज्जनगडाच्या पायऱ्या पावसाळ्यात तू चढतेस, त्यापेक्षा हे सोपं आहे.

जागा म्हणजे चारमथ आणि लाइम रीजिस ही शेजारशेजारची गावं. अप्पा, तुमचा प्रश्न मला पटला होता. हा किनारा 2001पासून जागतिक वारसा, मग लोक पिशव्या घेऊन दगड नेतात ते कसं काय? आपल्याकडे कासला फुलाला हात लावू देत नाहीत. मलाही सुरुवातीला वाटायचं की मागून कोणी शिट्टी मारेल. पण इथला कडा आपल्यासारखा काळ्या पाषाणाचा नाही. समुद्रतळाचा गाळ साचून झालेला चिखलदगड आणि मधूनमधून चुनखडीचे थर, असा मऊ. हिवाळ्यात पाऊस मुरला की वरचा भाग सरकतो आणि चिखलाचा लोंढा खाली येतो. लाटा चिखल धुऊन नेतात, आतले जीवाश्म वाळूत उघडे पडतात आणि उचलले नाहीत तर त्याच लाटा त्यांचा चुरा करतात. म्हणून इथला नियम असा की खाली सुटं पडलेलं खुशाल घ्या, कड्यात खणू नका आणि काही खास सापडलं तर नोंद करा. इथल्या लोकांना हे इतकं साधं वाटतं की मी दोनदा विचारलं तर माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघितलं.

आणि माणसं तर विचारू नका. सत्तरीचे आजोबा, कडेवर पोर घेतलेल्या बाया, ओली कुत्री, सगळे वाऱ्यात वाकून चालतात. बोलत नाहीत, भांडत नाहीत, नुसते खाली बघतात. मग सापडलेलं घेऊन किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रात रांगेत उभे राहतात. तिथला माणूस उलटसुलट करून बघतो आणि बहुतेकांना सांगतो, हा नुसता दगड आहे. त्यावर ही मंडळी त्याचे आभार मानतात आणि तो नुसता दगड पुन्हा खिशात घालून घरी नेतात! एका आजींना मी न राहवून विचारलं. म्हणाल्या, "छान आहे की." यावर आपण काय बोलणार.

आजी, आता तुझ्या कामाचं. आपल्या देवघरातल्या शाळिग्रामाच्या भोकातून आत चक्र दिसतं ना, ते याच जातीच्या प्राण्याचं. अमोनाइट म्हणतात. नेपाळात मुक्तिनाथाकडे, गंडकीच्या खोऱ्यात जिथून शाळिग्राम येतात, तिथे हिमालय वर येण्याआधी समुद्र होता. इथेही तसाच, उबदार आणि उथळ. इथले सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीचे. दिसायला मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळा, पण जात माकुळीची, म्हणजे स्क्विडची. सगळ्यात बाहेरच्या खोलीत तो राहायचा. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे पडदी घालायचा. मागच्या खोल्यांत वायू, म्हणून तरंगता यायचं. मला सापडलेल्या एकात या पडद्यांच्या रेघा भिंगाशिवाय दिसतात, कडेला तर झालरीसारख्या मुरडलेल्या.

अप्पा, कोरेगावच्या विहिरीत शोधू नका मात्र. आपल्याकडचा दगड लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइटही त्याच सुमारास जगातून संपले. विहिरीत फार तर गारगोट्या मिळतील. बघायचेच असतील तर कच्छला चला, तिथे आहेत.

याच लाइम रीजिसमध्ये मेरी अ‍ॅनिंग म्हणून बाई होती, 1799चा जन्म. बाप सुतार, कर्ज ठेवून गेला. पोरीने किनाऱ्यावरचे हेच वेटोळे दगड पर्यटकांना विकून घर चालवलं आणि पुढे आख्खेच्या आख्खे समुद्री सरडे काढले. लंडनच्या विद्वानांनी तिचे दगड नेले, पण आपल्या भूगर्भशास्त्राच्या संस्थेत तिला सभासद केलं नाही. बायकांना त्यांनी 1919 साली घेतलं, तोवर ती जाऊन सत्तर वर्षं उलटली होती. (दादा, हे आजीला वाचू नकोस: 1833मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला. म्हणूनच मी लांबून चालते.)

पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर दोन नग पाठवतेय. आई, सोनेरी आहे तो देवघरात ठेवू नकोस. ते सोनं नाही, लोखंड आणि गंधक आहे. रोज अभिषेक झाला आणि त्यात सातारचा पावसाळा लागला, तर पांढरी-पिवळी पूड सुटून वर्षा-दोन वर्षांत फुटेल. डबीत, कोरड्या जागी ठेव. राखाडी आहे तो चुनखडीचा. आजीला शाळिग्रामाशेजारी ठेवायचा असेल तर ठेवू दे, पण पंचामृत नको, आंबट लागलं की तोही झिजतो.

बाकी. या महिन्यात पैसे कमी आलेत ते व्हिसा वाढवायचा अर्ज केला म्हणून. पुढच्या महिन्यात सोसायटीचा हप्ता पूर्ण भरते. व्हिसा वाढवला म्हणजे मी परत येणार नाही असा अर्थ कोणी काढू नका, इथे सगळेच वाढवतात. पण माझी वरची खोली आता मोकळी ठेवू नका. वहिनीला दिवस गेलेत, त्या दोघांना द्या. माझं कपाट काढलं तरी चालेल, फक्त वरच्या फळीवरच्या वह्या टाकू नका.

बारशाला यायचं जमेल असं वाटत नाही, रजेची पाळी उन्हाळ्यात आहे. बाळाचे कपडे पाठवते, माप सांगा.

कराडच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा वाईट नाही. बोलेनही, पण तो इकडे यायला तयार आहे का, हे आधी विचारा, नाहीतर त्याला उगाच थांबवून ठेवायला नको. दादा, हे आईला तू नीट सांग. मला फोनवर जमत नाही, ती लगेच गप्प होते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पिंकी

ता. क. आजीच्या मोतीबिंदूचे 40,000 मी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. थंडी संपायची वाट बघू नका, तारीख घेऊन टाका.