सोळा टूलचं मॅगझिन बसवायचं आहे. पैसे, सुटे भाग आणि जाणती माणसं हवीत

नमस्कार मंडळी,

हिंगणा रोडवरच्या आपल्या सार्वजनिक कार्यशाळेतल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनला ऑटोमॅटिक टूल चेंजर, म्हणजे कापायची हत्यारं (टूल) आपोआप बदलणारी यंत्रणा, बसवायचं काम समितीने हातात घेतलं आहे. मशीन चालू आहे, मॅगझिन (टूल ठेवायचा फिरता साठा) मिळालं आहे. अडलंय ते ७७ हजार रुपयांसाठी, थोड्या सुट्या भागांसाठी आणि दोन-तीन जाणत्या माणसांसाठी. ज्याला जे जमेल ते द्यावं. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा आधी माणसं आणि भाग हवेत, कारण पैसे हप्त्याहप्त्याने आले तरी चालतील, पण चुकीच्या मापाचा होल्डर (टूल धरणारा भाग) किंवा चुकीची जोडलेली वायर काम महिनाभर मागे नेते.

ज्यांना कार्यशाळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. नीलडोह, डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी या भागातली आयटीआय करत असलेली किंवा करून घरी बसलेली पोरं-पोरी संध्याकाळी इथे येतात. दिवसा आसपासचे छोटे जॉबवर्कवाले मशीन वापरतात आणि त्यांच्या भाड्यातून विजेचं बिल निघतं. मशीन तीन अक्षांची, बीटी ४० मापाचे होल्डर घेणाऱ्या स्पिंडलची (टूल फिरवणाऱ्या दांड्याची), लिलावातून घेतलेली. मूळ कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) मेलेला होता, म्हणून तो काढून लिनक्ससीएनसी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. टूल मॅगझिन मात्र आमच्याकडे यायच्या आधीच कुणीतरी उतरवून नेलं होतं. स्पिंडलच्या डोक्यावरचा टूल सोडणारा सिलिंडर शाबूत आहे, म्हणून आजवर बटण दाबून हातानेच टूल बदलत आलो.

हाताने बदलायला काय होतं, असं बरेच जण विचारतात. साधा बेअरिंग ब्लॉक घ्या. आधी फेस मिल, मग सेंटर ड्रिल, साडेआठचा ड्रिल, एम १० चा टॅप, खिशासाठी (खोलगट भागासाठी) एंड मिल आणि शेवटी चॅम्फर. एका नगाला सहा टूल, वीस नगांना एकशेवीस वेळा बदल. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट धरलं तरी तासभर नुसतं बटण दाबण्यात जातो. एक टूल लावून सगळे नग एकदम काढता येतात, हे खरं आहे. पण त्यासाठी टेबलावर तेवढे फिक्स्चर हवेत आणि आमच्या टेबलावर दोनच मावतात.

तरीही वेळेचं नुकसान हे आमचं मुख्य कारण नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत पोरगं कामाला लागतं ते टूल चेंजर असलेल्या मशीनवर. प्रोग्राममध्ये एम ०६ (टूल बदलायचा हुकूम) लिहायला ते आठवड्यात शिकतं. पण टूल अर्धवट बदललेलं असताना मॅगझिन अडकलं, होल्डर निम्मा स्पिंडलमध्ये आणि निम्मा पकडीत राहिला, स्क्रीनवर लाल अलार्म आला, की त्याचे हातपाय गळतात. अशा वेळी कुठला व्हॉल्व्ह हाताने दाबायचा, झेड (स्पिंडलचा उभा अक्ष) वर घ्यायचा की खाली, कंट्रोलला वाटतंय तेच टूल खरंच स्पिंडलमध्ये आहे का, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. सुपरवायझर येईपर्यंत पोरगं मशीनकडे बघत उभं राहतं आणि शिफ्टचा शेरा त्याच्या नावावर पडतो. आमच्याकडे मॅगझिन मुद्दाम अडकवून दाखवता येईल, दहा वेळा अडकवून दहा वेळा सोडवता येईल. कारखान्यात हे करायला कुणी देणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. चालू मशीन त्यांना परवडत नाही थांबवायला.

समितीतल्या एका जुन्या सभासदांचं म्हणणं पडलं की ही मोठ्या कारखान्यांची चैन आहे. आपोआप टूल बदलणारं मशीनिंग सेंटर अमेरिकेतल्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५८ मध्येच बाजारात आणलं होतं. इतक्या जुन्या गोष्टीला चैन म्हणणं मला तरी पटत नाही. (काका, रागावू नका. वर्गणी पहिली तुमचीच आली, हेही इथे लिहून ठेवतो.)

मिळालेलं मॅगझिन छत्रीच्या प्रकारचं आहे, सोळा घरांचं, एका कबाड्याकडून आलेलं. दोन हातांच्या आर्मवाला चेंजर दोन-तीन सेकंदांत टूल बदलतो, छत्रीला त्याहून जास्त वेळ लागतो. तरी आम्हाला छत्रीच हवी होती. तिच्यात जे घडतं ते डोळ्यांना दिसतं: स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबतो, झेड बदलाच्या उंचीवर येतो, मॅगझिन सरकत आत येतं, रिकाम्या घराची पकड होल्डरच्या खाचेत बसते, हवेने स्पिंडल टूल सोडतो, झेड वर जातो, छत्री फिरून हवं ते घर खाली आणते, झेड पुन्हा उतरतो, स्प्रिंगा टूल ओढून धरतात आणि मॅगझिन मागे सरकतं. यातली प्रत्येक पायरी एकेका सेन्सरने पक्की झाल्याशिवाय पुढची सुरू व्हायला नको. झेड खाली असताना छत्री फिरली तर पकड वाकते. टूल पक्कं धरल्याचा सिग्नल नसताना स्पिंडल फिरला तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

एक गोष्ट दिलासा देणारी: टूल धरण्याचं काम डिस्क स्प्रिंगा करतात, हजार किलोच्या घरातल्या ओढीने, आणि हवा फक्त सोडण्यासाठी लागते. म्हणजे कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला तरी स्पिंडलमधलं टूल खाली येत नाही.

आता मागणी. कृपया हा भाग नीट वाचा, कारण मागच्या वेळी चांगल्या मनाने आलेल्या बऱ्याच वस्तू परत कराव्या लागल्या.

बीटी ४० चे होल्डर हवेत, ईआर ३२ कोलेटचे (कोलेट म्हणजे टूल आवळणारी चिरलेली नळी) असतील तर उत्तम. जुने चालतील, पण टेपर (स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता भाग) बघूनच द्या. टेपरवर ओरखडा, गंज किंवा ठोकल्याची खूण असेल तर तो होल्डर आम्हाला नको आणि तुम्हीही वापरू नका. असा होल्डर स्पिंडलच्या आतला टेपर खातो, आणि स्पिंडल ग्राइंड करायचा खर्च या सगळ्या खर्चापेक्षा जास्त होईल. आलेला प्रत्येक होल्डर आम्ही ब्लू (टेपर नीट टेकतो का ते दाखवणारा निळा रंग) लावून तपासू. पुल स्टड (होल्डरच्या टोकाचा खुंट, ज्याला धरून स्पिंडल टूल आत ओढतो) हवेत ते एमएएस ४०३ या जपानी मानकाच्या मापाचे आणि ४५ अंश कोनाचेच. दुसऱ्या कोनाचा स्टड दिसायला जवळजवळ तसाच असतो, बसतोही, पण आतली पकड त्याला फक्त कडेवर धरते. असे दोन प्रकार एका मॅगझिनमध्ये मिसळणं म्हणजे अपघाताला आमंत्रण, म्हणून सोळाही स्टड एकाच प्रकारचे ठेवणार. कुणाकडे बीटी ४० चा टेस्ट मँड्रेल (अचूक मापाचा तपासणीचा दांडा) असेल तर तो दान नको, काही दिवसांसाठी उसना द्या; मॅगझिनची उंची आणि मध्य स्पिंडलशी जुळवायला त्याशिवाय पर्याय नाही. जड फेस मिल देणाऱ्यांनी वजन आधी कळवा, सात-आठ किलोंच्या वरचं टूल हे मॅगझिन झेपवणार नाही.

हवेचं काम वेगळं. सध्याचा छोटा कॉम्प्रेसर सहा बारला दमतो, आणि पावसाळ्यात त्याच्या टाकीतून इतकं पाणी निघतं की व्हॉल्व्ह चिकटतात. टूल बदलताना स्पिंडलच्या टेपरवर हवेचा फुंकर मारायचा असतो, चिप्स झटकण्यासाठी. तीच हवा ओली असेल तर आपणच टेपरला गंज आणला. म्हणून तीन एचपीचा कॉम्प्रेसर, ड्रायर आणि फिल्टर-रेग्युलेटर हवा. यावर काटकसर करायची नाही असं समितीत एकमताने ठरलं.

माणसांविषयी. ज्यांनी आयुष्यभर व्हीएमसीची (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरची) मेंटेनन्स केली आहे, मग ते निवृत्त असोत की नोकरीत, अशा एखाद्या भाऊंची किंवा ताईंची चार-पाच रविवार गरज आहे. मुख्य काम दोन ठिकाणी आहे. एक, स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबवणं. स्पिंडलच्या टोकाच्या चाव्या आणि होल्डरच्या खाचा जुळल्या नाहीत तर पुढचं सगळं व्यर्थ. दुसरं, लॅडर, म्हणजे कुठल्या सिग्नलनंतर काय घडावं याचा प्रोग्राम. लिनक्ससीएनसीत एम ०६ ला आपला स्वतःचा क्रम जोडता येतो आणि छत्री फिरवण्यासाठी तयार घटकही आहे, पण आमच्या मॅगझिनवरचे सेन्सर जुने आहेत, त्यातल्या दोनांच्या वायरींचा रंगही उडालेला आहे. फॅनुकवर (कारखान्यांतल्या जपानी कंट्रोलवर) लॅडर लिहिलेला माणूसही चालेल, तर्क तोच असतो. ज्यांना प्रत्यक्ष काम शक्य नाही त्यांनी नुसतं येऊन पोरांना आपल्या काळातला एखादा अलार्म कसा सोडवला ते सांगितलं तरी आम्ही खुर्ची आणि तर्री पोहे देऊ.

कॉलमवर मॅगझिन टांगण्यासाठी एक जाड ब्रॅकेट लागेल. वीस मिलिमीटरची प्लेट, वेल्डिंगनंतर ताण काढून मग मशीनिंग. ज्यांच्या शॉपमध्ये मोठं प्लॅनो मिलिंग (लांब-रुंद प्लेट कापणारं मशीन) आहे त्यांनी एक शिफ्ट दिली तर मजुरी वाचेल. ड्रॉइंग तयार आहे.

पैशांचा हिशेब असा: होल्डर, कोलेट आणि स्टड मिळून ३० हजार, कॉम्प्रेसर आणि हवेची लाइन ४० हजार, सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, केबल, रिले २० हजार, ब्रॅकेट १५ हजार, दाराचा सेफ्टी स्विच आणि जाळी १० हजार. एकूण १ लाख १५ हजार. जमा आहेत ३८ हजार. वस्तुरूपाने जे येईल त्याची रक्कम यातून कमी होईल, आणि हिशेबाचा कागद कार्यशाळेच्या दारावर दर शनिवारी बदलला जाईल. पक्की पावती मिळेल. आयकरात सवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे ते गृहीत धरून देऊ नका. देणाऱ्याचं नाव मशीनवर रंगवणार नाही, ही अटही आधीच सांगतो. मागे एका पंख्यावरून वाद झाला होता.

दसऱ्याच्या यंत्रपूजेपर्यंत पहिलं टूल आपोआप बदलावं असा बेत आहे. तो जमला नाही तर दिवाळी, पण दाराचा स्विच आणि जाळी लागेपर्यंत पोरांच्या हातात मशीन देणार नाही. काही पालकांनी विचारलं म्हणून हे स्पष्ट केलं.

वस्तू किंवा वर्गणी घेऊन रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात या, तेव्हा समितीचं कुणी ना कुणी असतंच. इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर पोरं असतात, पण पावती पुस्तक त्यांच्याकडे नसतं, त्यामुळे रोख रक्कम त्यांच्या हातात देऊ नये. मेट्रोने येणाऱ्यांनी लोकमान्यनगरला उतरावं. कॉम्प्रेसर किंवा प्लेट असं जड काही द्यायचं असेल तर आधी कुणाकरवी निरोप पाठवा, आमचा एक सभासद टेम्पो घेऊन येईल.