बसचा रिकॉल नेमका अडतो कुठे?

प्रति,
संपादक महोदय,

अमुक कंपनीने फ्युएल पंपातील दोषामुळे इतक्या हजार मोटारी परत मागवल्या, म्हणजे रिकॉल केल्या, अशी बातमी अधूनमधून आपल्या अंकात वाचतो. मोटारवाल्याला मेसेज येतो, तो सर्व्हिस सेंटरला गाडी लावतो आणि भाग फुकट बदलून घेतो. बसच्या बाबतीत गोष्ट बरेचदा तिथपर्यंत पोचतच नाही. सातपूरला डिझेल पंप आणि नोझलची कामे करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका मालकाची बस आली. डिझेलचा रिटर्न पाइप (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारा) क्लिपपाशी घासून पातळ झाला होता आणि थेंब सायलेन्सरच्या बाजूला पडत होते. ड्रायव्हरने त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तार आवळली होती. पाइप बदलला, गाडी गेली. पंधरा दिवसांत त्याच मॉडेलची दुसरी आली, मग तिसरी. तिन्हींत पाइप त्याच क्लिपपाशी खाल्लेला! एका गाडीत असे झाले तर देखभालीची चूक म्हणता येईल. तीन गाड्यांत झाले, तर क्लिपची जागाच चुकलेली आहे. मालकाला म्हटले, कंपनीला कळवा. तो म्हणाला, ‘मामा, गाडी उभी राहिली तर हप्ता कोण भरणार?’ त्याचेही खोटे नव्हते. मीही पुढे काही केले नाही, हे कबूल करतो.

सक्तीच्या रिकॉलचा नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. बससाठी अट अशी, की वर्षभरात विकलेल्या गाड्यांच्या 3 टक्के तक्रारी याव्यात आणि गाडी सात वर्षांच्या आतली असावी. कंपनीला दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कागदावर चांगले आहे. पण तक्रार मोजायची मालकाची, आणि बसचा मालक म्हणजे डेपो किंवा ठेकेदार. त्यांच्याकडे स्वतःचे मेकॅनिक असतात. पाइप बदलतात, जॉबकार्डवर ‘डिझेल लिकेज, काम केले’ असे लिहितात आणि फाइल बंद. शंभर गाड्यांत तोच दोष निघाला तरी तक्रार शून्य! प्रवासी बिचारा वास आला की खिडकी सरकवतो, एवढेच त्याच्या हातात.

डिझेल नुसते सांडले म्हणून सहसा पेटत नाही. पण बारीक चिरेतून फवारा उडून इंजिनाच्या तापलेल्या टर्बोवर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्यावर) पडला, तर वेळ लागत नाही. सीएनजीच्या बसमध्ये दाब दोनशे बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट) आसपास असतो, तिथे ट्यूब आणि तारेचा इलाज चालतच नाही. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात बस पेटून बारा जण गेले. ती आग ट्रेलरशी धडक झाल्यावर लागली, कंपनीच्या दोषामुळे नव्हे; दोन्हींची गल्लत करू नये. पण आग लागल्यावर बाहेर पडायला किती क्षण मिळतात, हे नाशिककरांनी तेव्हा पाहिले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 110 अ मध्ये मालकांच्या टक्केवारीशिवाय चाचणी संस्था आणि ‘अन्य स्रोत’ यांच्याकडून आलेल्या माहितीवरही रिकॉलचा आदेश काढता येतो. एसटीच्या कार्यशाळा आणि शहर बसचे डेपो यांची जॉबकार्डे हाच तो स्रोत का धरू नये? दर तीन महिन्यांनी इंधन गळतीच्या नोंदी मॉडेलनुसार परिवहन खात्याकडे गेल्या, तर माझ्या त्या क्लिपसारखा दोष पहिल्याच वर्षी पकडता येईल.

2027 च्या सिंहस्थात कुठून कुठून बस मागवल्या जातील आणि भरभरून धावतील. त्याआधी पेठ रोडच्या आरटीओत पासिंगला येणाऱ्या प्रत्येक बसच्या चेसिस क्रमांकावर रिकॉल बाकी आहे का, हे तपासावे आणि बाकी असेल तर फिटनेस रोखावा. काम झाले असल्यास त्याची तारीख दाराजवळ, फिटनेसच्या तारखेशेजारी, रंगवावी.

आपला,
एक निवृत्त डिझेल मेकॅनिक,
सातपूर, नाशिक