हेल्मेट माळ्यावर सापडलं

बाळ,

हनोईचा फोटो आईच्या मोबाईलवर बघितला, भारी आलाय. लेनिनच्या पुतळ्यापुढची ती गुळगुळीत फरशी आणि तू स्केटबोर्डच्या फळीसकट हवेत. आजी म्हणाली ही पोरगी जमिनीवर कधी असते काय. निपाणीच्या आत्यानं स्टेटसला पण ठेवलाय, म्हणजे आता सगळ्या पाहुण्यांत झालं. पण मी फोटो मोठा करून बघितला तर मागं रस्त्यावर जेवढे गाडीवाले तेवढ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, तिथं व्हिएतनामात 2007 पासून सक्तीचं आहे, आणि उघडं डोकं एकटं तुझं. तुझं हेल्मेट माळ्यावर सापडलं, गणपतीच्या मखरामागं. हरवलं म्हणाली होतीस.

असू दे. ह्या विषयावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. त्या दिवशी स्टेशनवर मी जास्तच बोललो, चार माणसांत आवाज चढवायला नको होता.

गाडीचं सांग की. हनोई ते सायगाव 1726 किलोमीटर, आणि तू मधेमधे उतरत जाणार. ती लाइन मीटर गेज आहे, माहीत आहे काय? आपली मिरज-लोंढा पण तशीच होती, मी शाळेत असताना त्याच गाडीनं खानापूरला आजोळी जायचो. एकदा गोव्याला जाताना कॅसलरॉकच्या घाटात खिडकीतनं डोकं बाहेर काढलं म्हणून तुझ्या आजोबांनी कानाखाली दिली होती, दूधसागर मी रडतच बघितला. तुला ह्यूच्या पुढं हाय वान घाट लागेल, सायगावकडं जाताना डावीकडं बस, खाली समुद्र दिसतो. युद्धात बॉम्बनं उडवलेले पूल परत उभे करून 1976 च्या 31 डिसेंबरला त्यांनी ही लाइन सुरू केली, आम्हा उद्यमबागच्या कारखानेवाल्यांना असलं काम ऐकलं की बरं वाटतं. डोकं बाहेर काढू नकोस.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. घरात मराठी, वर्कशॉपवर कन्नड, कॅम्पात हिंदी, आणि बोर्ड वाचता येत नाही म्हणून बेळगावचा माणूस कधी अडलाय काय.

पावसात फळी काढू नकोस, बेअरिंग गंजतात. सातवीत असताना भिजलेली फळी घेऊन शॉपवर आलीस, चाकं फिरेनात म्हणून रडत होतीस, आणि मी खोलून बघतो तर आत 608 नंबरचा बेअरिंग! बाहेरून 22 मिलिमीटर, आतलं भोक 8, आमच्या छोट्या मोटरीत असतो तोच. तोपर्यंत मला ते खेळणंच वाटत होतं. आठही बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले, तेल सोडलं, आणि तू लेथच्या मधनं सुसाट गेलीस, सगळे कामगार मशीन बंद करून बघत उभे. मालक ओरडले, पण त्या दिवशी मला काही वाटलं नाही. अजून कोण नवीन आला की मी तो किस्सा सांगतो.

आणि तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पडलीस ते पण मीच उचललं. हनुवटीला तीन टाके. डॉक्टर म्हणाले चार बोटं वर लागलं असतं तर, आणि पुढं बोललेच नाहीत. ते पुढचं मी अजून ऐकायलोय. म्हणून ओरडतो गं, दुसरं काही नाही. बघ, परत तिथंच आलो. सॉरी.

तू स्टेशनवर म्हणालीस, पप्पा तुम्ही स्वतः घालता काय. सोमवारपासून घालायलोय. तुझंच, स्टिकरवालं. कानाला घट्ट होतं, पट्टा हनुवटीखाली पोचत नाही, शॉपवरची पोरं हसतात, आणि हे गाडीचं नव्हे म्हणून पोलिसानं धरलं तर दंड पण मीच भरायचा. दा नांगला दुकान दिसलं तर एक घे. पैसे कार्डवर टाकतो, किती लागतील ते कळव, आईला सांगू नकोस.

तुझं घड्याळ दीड तास पुढं आहे. मी शॉपवरनं येऊन जेवेपर्यंत तुझे साडेअकरा होतात, झोपली असशील म्हणून लावत नाही. तूच लाव.

पप्पा